पर्यावरण-आरोग्याच्या अभ्यासात मोजमापाला अग्रस्थान हवे

महोदय,

पर्यावरणाचा मानवी आरोग्यावर होणारा परिणाम हा विषय पदव्युत्तर स्तरावर शिकवताना साथरोगशास्त्र, विषशास्त्र आणि संख्याशास्त्र यांवर भर असतो, आणि तो आवश्यकच आहे. तथापि एखादा घातक घटक माणसाच्या शरीरात किती प्रमाणात आणि किती काळ जात राहिला, याचे प्रत्यक्ष मोजमाप हा या शिक्षणाचा कणा असावा, असे मला आग्रहाने मांडायचे आहे.

बांगलादेशातील कूपनलिकांचे उदाहरण या दृष्टीने अत्यंत बोलके आहे. उघड्या तळ्यांच्या दूषित पाण्यामुळे होणारे अतिसाराचे आजार टळावेत, या सद्हेतूने १९७० च्या दशकापासून तेथे मोठ्या प्रमाणावर कूपनलिका खोदण्यात आल्या. पाणी जंतुमुक्त होते. परंतु भूगर्भातील गाळातून त्यात उतरलेल्या आर्सेनिक या विषारी मूलद्रव्याला ना रंग होता, ना वास, ना चव, त्यामुळे १९९३ मध्ये ते प्रथम उघडकीस येईपर्यंत लोक निर्धास्तपणे तेच पाणी पीत राहिले. त्वचेवरील डाग दिसायला कित्येक वर्षे लागतात आणि कर्करोग तर त्याहूनही उशिरा प्रकटतो. डॉक्टरांना जंतू ठाऊक होते, भूशास्त्रज्ञांना गाळ ठाऊक होता. दोघांना एकाच वर्गात बसवणे हेच या अभ्यासक्रमाचे खरे काम आहे.

लंडनमध्ये डिसेंबर १९५२ मध्ये पसरलेल्या विषारी धुरक्याने सुमारे ४,००० बळी घेतले, असा त्या वेळचा अंदाज होता. पुढील महिन्यांतील वाढीव मृत्यू इन्फ्लुएन्झाच्या नावावर टाकले गेले होते. तेही विचारात घेणाऱ्या नंतरच्या संशोधकांनी हा आकडा १२,००० च्या घरात नेला. किती दिवसांचे मृत्यू मोजायचे, एवढ्या एका निर्णयाने निष्कर्ष कसा पालटतो, हे विद्यार्थ्याने स्वतः आकडेमोड करून अनुभवले पाहिजे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सूक्ष्म धूलिकणांची (पीएम २.५) वार्षिक मार्गदर्शक पातळी घनमीटरमागे १० वरून ५ मायक्रोग्रॅमवर आणली. मात्र चौकातल्या मापन यंत्राचा आकडा म्हणजे धुराने भरलेल्या स्वयंपाकघरात दिवस काढणाऱ्या स्त्रीच्या फुफ्फुसात गेलेली हवा नव्हे. म्हणून प्रत्येक विद्यार्थ्याने प्रबंधापूर्वी किमान सर्व ऋतूंत क्षेत्रीय मोजमाप करावे, आणि ज्यांच्या घरातील हवा-पाणी तपासले त्यांना निष्कर्ष त्यांच्या भाषेत समजावून सांगणे हा परीक्षेचाच गुणांकित भाग असावा, अशी माझी विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांना कळकळीची विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक