बंदर कोण देणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डेन्मार्कच्या पंतप्रधान मेटे फ्रेडरिक्सन यांनी ८ जुलै २०२५ रोजी स्ट्रासबर्गला युरोपीय संसदेपुढे आपल्या सरकारची भूमिका मांडली. युरोपच्या सीमा बळकट करायच्या, येणाऱ्या स्थलांतरितांची संख्या कमी करायची, यावर त्यांचा भर होता. आश्रयाचे अर्ज युरोपबाहेर तपासण्याची मुभा देणारा कायदा त्या देशाने २०२१ मध्येच केलाय. माझी हयात मालवाहू जहाजांवर गेली, म्हणून मला खटकतो तो समुद्रात वाचवलेल्या माणसांचा प्रश्न.

२०१५ च्या उन्हाळ्यात आम्ही लिबियाच्या उत्तरेला होतो. रोमच्या बचाव केंद्राचा संदेश आला आणि कॅप्टनने लगेच जहाज वळवलं. रबरी होडीत नव्वदच्या वर माणसं. पायलट लॅडरवरून, म्हणजे जहाजाच्या बाजूला सोडलेल्या दोरीच्या शिडीवरून, एकेकाला वर घेता घेता संध्याकाळ झाली. एका बाईच्या मांड्यांची कातडी सोलून निघाली होती. मला आधी वाटलं, उन्हाने भाजलंय. पण होडीच्या तळाशी सांडलेलं पेट्रोल खाऱ्या पाण्यात मिसळलं होतं, आणि ती रात्रभर त्यातच बसून होती. कुकने होता नव्हता तो तांदूळ शिजवला. दुसऱ्या दिवशी सिसिलीतल्या ऑगस्टा बंदरात सगळ्यांना उतरवून आम्ही पुढे निघालो.

पुढे ऑगस्ट २०२० मध्ये काय झालं बघा. माल्टाच्या सांगण्यावरून ‘मर्स्क एटिएन’ या टँकरने २७ जणांना वाचवलं, त्यांत एक गरोदर बाई. झेंडा डेन्मार्कचा, म्हणजे जहाजाची नोंदणी तिथली. माल्टा बंदर देईना, डेन्मार्कही त्यांना घ्यायला तयार होईना. तिघांनी वैतागून समुद्रात उड्या टाकल्या, त्यांनाही खलाशांनीच बाहेर काढलं. एका स्वयंसेवी संस्थेच्या जहाजाने सगळ्यांना उतरवून घेईपर्यंत ३८ दिवस गेले होते. टँकरवर अन्नपाणी, औषधं, झोपायची जागा, सगळं मोजक्या खलाशांपुरतं असतं.

बुडत्याला वाचवणं कॅप्टनला कायद्याने बंधनकारक आहे. त्या लोकांना सुरक्षित जागी उतरवून कॅप्टनला लवकर मोकळं करायची जबाबदारी देशांची, अशी दुरुस्ती आंतरराष्ट्रीय सागरी नियमांत २००४ मध्ये झाली. माल्टाने ती मानलीच नाही. आश्रय आणि स्थलांतराच्या २०२४ च्या युरोपीय करारात सदस्य देशांमध्ये जबाबदारीची वाटणी ठरलीय: माणसं घ्या, नाहीतर माणशी २०,००० युरो द्या, किंवा दुसरी मदत करा. पण ही वाटणी लोक किनाऱ्याला लागल्यानंतरची.

सरकारं आपलं धोरण समजावायला येतात, तेव्हा युरोपीय खासदारांनी त्यांना एवढं विचारावं: वाचवलेल्यांना किती दिवसांत, कुठल्या बंदरात उतरवणार? ज्याचा झेंडा, तो देश त्यात काय करणार? याचं उत्तर लेखी घ्यावं. आमच्या कॅप्टनला त्या दिवशी जहाज वळवायला मिनिटही लागलं नव्हतं. आज त्याच पाण्यात असलेल्या कॅप्टनच्या डोक्यात आधी ते ३८ दिवस येत असतील, याची मला भीती वाटते.

आपला,
एक निवृत्त चीफ ऑफिसर, मर्चंट नेव्ही