आधी आईबाप, मागून पिल्ले

न्यूबरीपोर्ट, मॅसॅच्युसेट्स
24 ऑगस्ट

तीर्थरूप बाबांस,

साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

तुमचे पत्र पोचले. इथे लोक अजून समुद्रात डुंबत असताना पक्षी मात्र हिवाळ्याच्या वाटेला लागले आहेत, असे मी फोनवर म्हणाले होते. ते तुम्हाला फारसे पटलेले दिसत नाही. गुहागरच्या पुळणीवर पाहुणे पक्षी नवरात्राच्या पुढे नजरेत भरू लागतात, त्यामुळे तुमची शंका रास्तच आहे. फोनवर हा विषय नीट सांगून होत नाही, म्हणून सवडीने लिहिते आहे. आईलाही वाचून दाखवावे.

मी सुट्टीच्या दिवशी जिथे जाते, ते प्लम आयलंड म्हणजे मेरिमॅक नदीच्या मुखापासून दक्षिणेकडे गेलेले वाळूचे एक लांबट, अरुंद बेट आहे. पूर्वेला अटलांटिक महासागर, पश्चिमेला खाऱ्या गवताची विस्तीर्ण दलदल, आणि मध्ये वाळूच्या टेकड्यांच्या आडोशाला वाढलेली खुरटी झाडी अशी त्याची रचना आहे. बेटाचा दक्षिणेकडचा बहुतेक भाग पार्कर रिव्हर राष्ट्रीय वन्यजीव आश्रयस्थानात मोडतो आणि त्याचे क्षेत्र साडेचार हजार एकरांहून अधिक आहे. जुलैत इथे पाय ठेवणे म्हणजे शिक्षा असते, कारण दलदलीतल्या हिरव्या डोळ्यांच्या गोमाश्या कपड्यांवरूनसुद्धा चावतात. त्यांना पकडण्यासाठी गवतात खुरांवर उभ्या केलेल्या काळ्या पेट्या ठेवतात. तापलेली काळी पेटी हे एखादे जनावर आहे असे समजून माशी खालून आत शिरते आणि अडकते. ऑगस्टच्या मध्यानंतर त्यांचा जोर ओसरतो, आणि माझ्यासारख्यांचा खरा हंगाम तेव्हा सुरू होतो.

तिथीची पाऊणपट करून पूर्ण भरतीची वेळ काढण्याची जी रीत तुम्ही मला लहानपणी शिकवलीत, ती इथल्या उन्हाळी घड्याळालाही अर्ध्यापाऊण तासाच्या फरकाने लागू पडते. छापील वेळापत्रक हाताशी असूनही मी आधी मनात तिथीचाच हिशेब करते. या हिशेबावाचून इथे पक्षी पाहता येत नाहीत. ओहोटीला न्यूबरीपोर्टपाशी नदीच्या मुखाजवळचा चिखल, ज्याला जॉपा फ्लॅट्स म्हणतात, इतका दूरवर उघडा पडतो की त्यावर चरणारे पक्षी दुर्बिणीतूनही ठिपक्यांपेक्षा मोठे दिसत नाहीत. भरती चढू लागली की पाणी त्यांना हळूहळू काठाकडे रेटत आणते, आणि चिखल पुरता बुडाला की ते उडून बेटावरच्या दलदलीतल्या उथळ डबक्यांत विसाव्याला येतात. ही डबकी रस्त्याच्या पश्चिमेला असल्यामुळे सकाळी ऊन आपल्या पाठीशी राहते आणि पिसांवरची रेघ न् रेघ दिसते. सकाळ आणि भरती यांची गाठ पडणारा रविवार मी सहसा सोडत नाही.

आता तुमच्या शंकेकडे वळते. हे चिखलपक्षी ज्या उत्तर ध्रुवाकडच्या माळरानांवर घरटी करतात, तिथला उन्हाळा फार तोकडा असतो. जूनमध्ये बर्फ वितळते, अंडी घातली जातात, आणि पिल्ले अंड्यातून बाहेर आल्यावर काही तासांतच स्वतःच्या पायांनी हिंडून किडे टिपू लागतात. त्यांना चोचीने भरवावे लागत नाही, फक्त ऊब आणि राखण लागते. त्यामुळे दोन्ही पालकांनी शेवटपर्यंत थांबण्याची गरज उरत नाही. इथे सर्वांत मोठ्या संख्येने दिसणारा सेमीपामेटेड सँडपायपर हा आपल्या छोट्या टिलव्याच्या आकाराचा, जेमतेम 20 ते 30 ग्रॅम वजनाचा पक्षी. त्याची मादी पिल्ले लहान असतानाच निघून जाते, नर पिल्लांना पंख फुटेपर्यंत थांबतो आणि मग तोही निघतो. पिल्ले आणखी काही आठवडे तिथेच चरतात आणि सर्वांत शेवटी निघतात. म्हणून इथे परतीचे पहिले पक्षी जुलैच्या सुरुवातीलाच, म्हणजे आपल्या आषाढात दिसू लागतात, आणि ते सगळे मोठे असतात. ऑगस्टच्या उत्तरार्धात हळूहळू पारडे फिरते आणि डबक्यांत त्या वर्षीच जन्मलेल्या पाखरांची संख्या वाढू लागते.

या दोघांतला फरक ओळखणे हाच सध्या माझा मुख्य उद्योग आहे. मोठ्या पक्ष्यांची पिसे वर्षभराच्या वापराने झिजलेली, कडा विरलेल्या आणि रंग उतरलेला. छातीवर कुठेकुठे विणीच्या हंगामातले काळे ठिपके अजून टिकलेले. पिल्लांची सगळी पिसे एकाच वेळी, एकाच महिन्यात आलेली असल्यामुळे कोरी असतात. पाठीवरच्या प्रत्येक पिसाला फिकट किनार असते, आणि त्यामुळे पाठ खवल्याखवल्यांची दिसते. जातींचा घोळ त्यानंतर सुरू होतो. काळे पाय आणि आखूड, बोथट चोच असेल तर तो सेमीपामेटेड. पिवळसर पाय, तपकिरी अंग आणि चिखलापेक्षा गवताच्या कडेला वावर असेल तर लीस्ट सँडपायपर. पंखांची टोके शेपटीच्याही पुढे आलेली असतील तर व्हाइट-रम्प्ड, आणि तो दिसला की सगळे आपापल्या दुर्बिणी तिकडे वळवतात. शॉर्ट-बिल्ड डाउविचर मात्र दुरूनही चुकत नाही. पोटापर्यंतच्या पाण्यात उभा राहून तो आपली लांब चोच शिवणयंत्राच्या सुईसारखी एकसारखी चिखलात खालीवर करत असतो. आपल्याकडच्या ग्रीनशँकचा नातलग शोभेल असा ग्रेटर यलोलेग्ज इथे राखणदाराचे काम करतो. बहिरी ससाणा आला की या राखणदाराची तीन सुरांची हाक आधी ऐकू येते आणि मग डबके क्षणात रिकामे होते.

हा ससाणाही इथे सहजासहजी दिसत नसे. डीडीटीमुळे त्याच्या अंड्यांची कवचे पातळ होऊन 1960 च्या दशकापर्यंत अमेरिकेच्या पूर्व भागातून त्याची वीण नाहीशी झाली होती. 1972 मध्ये डीडीटीवर बंदी आल्यानंतर पिंजऱ्यात वाढवलेली पिल्ले सोडून तो पुन्हा आणला गेला.

इथे नेहमी भेटणाऱ्या एक निवृत्त परिचारिका आहेत. त्यांच्याकडे तिकाटण्यावरची मोठी दुर्बीण आहे आणि नवख्यांना ती पाहायला देण्यात त्यांचा हात सढळ असतो. पक्ष्याचे नाव त्या स्वतःहून कधीच सांगत नाहीत. पाय कोणत्या रंगाचे, चोच डोक्यापेक्षा लांब की आखूड, चालतो की धावतो, एवढे विचारतात आणि गप्प बसतात. तुमची गणित शिकवण्याची पद्धत मला त्यांच्यात दिसते, इतकेच म्हणते.

सेमीपामेटेडचा पुढचा प्रवास ऐकल्यावर तुम्ही दुसऱ्यांदा विचाराल, याची मला खात्री आहे. इथून ईशान्येला, कॅनडात, फंडीचा उपसागर आहे. भरती-ओहोटीतला फरक जगात सर्वांत जास्त तिथेच असतो. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या त्या चिखलात तांदळाएवढे कोळंबीच्या जातीचे जीव असंख्य असतात, आणि ते खाऊन हे पक्षी दोनतीन आठवड्यांत आपले वजन जवळजवळ दुप्पट करतात. मग अनुकूल वारा पाहून ते थेट महासागरावर निघतात आणि तीनचार दिवस न थांबता उडत दक्षिण अमेरिकेचा सुरिनामकडचा किनारा गाठतात. पाण्यावर उतरून विसावा घेण्याची सोय त्यांना नाही, कारण ते पोहणारे पक्षी नव्हेत. मोठी पाखरे हा मार्ग निदान एकदा तरी उडून आलेली असतात. पिल्लांना तो कोणी दाखवलेला नसतो, कारण वाट माहीत असलेले सगळे आधीच पुढे गेलेले असतात. दिशा आणि अंतर यांची जाण त्यांच्यात उपजतच असते. हे मी पुस्तकात वाचले होते, पण नुकतीच आलेली, माणसाची भीती अजून न बसलेली पिल्ले दहा पावलांवर येऊन निर्धास्त चरताना पाहिल्यावर त्या वाक्याचा अर्थ मला नीट लागला.

याच किनाऱ्यावर दीडशे वर्षांपूर्वी हे दिवस शिकारीचे होते. ऑगस्टच्या अखेरीस पूर्वेचे वादळी वारे सुटले की महासागरावरून जाणारे एस्किमो कर्लूंचे थवे किनाऱ्यावर ढकलले जात आणि बंदुकीवाले त्यांची वाट पाहत बसत. प्रवासासाठी साठवलेल्या चरबीमुळे ते इतके गुबगुबीत असत की न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या या ईशान्य कोपऱ्यात, त्यांना कणकेचा पक्षी असे नाव पडले होते. बोस्टनच्या बाजारात ते विकले जात. 1963 मध्ये बार्बाडोस बेटावर मारलेला पक्षी ही या जातीची शेवटची पक्की नोंद आहे. बाकीच्या जाती वाचल्या त्याला 1918 चा स्थलांतरित पक्ष्यांच्या रक्षणाचा कायदा मोठ्या प्रमाणात कारण झाला, आणि त्या कायद्यामागच्या चळवळीची एक सुरुवात बोस्टनच्या दिवाणखान्यात झाली. हॅरिएट हेमेनवे आणि मिना हॉल या दोघींनी 1896 मध्ये शहरातल्या प्रतिष्ठित स्त्रियांना चहाला बोलावून, टोप्यांवर पिसे मिरवणे बंद करा, असे पटवले आणि त्यातून मॅसॅच्युसेट्स ऑडुबॉन सोसायटी उभी राहिली. जॉपा फ्लॅट्ससमोर आज त्याच संस्थेचे केंद्र आहे.

कायद्याचा काच मात्र अजूनही काहींना सोसवत नाही. पायपिंग प्लोव्हर हा वाळूच्याच रंगाचा छोटा चिखल्या पुळणीवर उघड्यावर अंडी घालतो, त्यामुळे आश्रयस्थानाचा समुद्रकिनारा 1 एप्रिलपासून माणसांना बंद असतो आणि पिल्ले उडू लागली की टप्प्याटप्प्याने खुला होतो. ऐन उन्हाळ्यात किनारा बंद, म्हणून दरवर्षी कुरकुर होते. माझे मत विचाराल तर ही कुरकुर मला पटत नाही. 1986 मध्ये या पक्ष्याला संरक्षण मिळाले तेव्हा मॅसॅच्युसेट्समध्ये त्याच्या दीडशेच्या आत जोड्या उरल्या होत्या, आज त्या हजाराहून अधिक आहेत. वेळासला कासवांच्या घरट्यांभोवती कुंपण घालणाऱ्या मंडळींना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

रानातल्या पक्ष्यांची तऱ्हा निराळी. ते रात्री उडतात. उत्तरेकडून थंड हवा आली आणि वारा वायव्येचा झाला की सूर्यास्तानंतर तासाभरात ते निघतात, आणि हवामानखात्याच्या रडारवर त्यांचे लोंढे ढगांसारखे उमटतात. पहाटे बेटावर उतरलेले पक्षी हेलकॅट नावाच्या जागेवरच्या लाकडी पायवाटेभोवतीच्या झाडीत भुकेले हिंडत असतात. तिथे चिकडी या इथल्या बारमाही चिमुकल्या पक्ष्याचा आवाज कान देऊन ऐकायचा, कारण प्रवासी पाखरे त्याच्याच टोळीत मिसळून चरतात. गेल्या आठवड्यात अशा एका टोळीत अमेरिकन रेडस्टार्ट, ब्लॅक-अँड-व्हाइट वॉर्ब्लर, रेड-आइड व्हिरिओ आणि खाली ओल्या पाचोळ्यात शेपूट हलवणारा नॉर्दर्न वॉटरथ्रश असे सगळे मिळाले. मे महिन्यात भडक रंगांचे आणि सतत गाणारे हे वॉर्ब्लर आता मुके आणि फिकट झाले आहेत, आणि खरे सांगायचे तर त्यांच्यामागे मान मोडून घेण्यापेक्षा मला डबक्याचा काठ अधिक मानवतो. त्यांच्यातल्या ब्लॅकपोलची मात्र मी सप्टेंबरअखेरपर्यंत वाट पाहणार आहे. 12 ग्रॅम वजनाच्या या पक्ष्याच्या पाठीवर अर्ध्या ग्रॅमचे यंत्र बांधून केलेल्या अभ्यासातून 2015 मध्ये सिद्ध झाले की, तो न्यू इंग्लंड किंवा नोव्हा स्कोशियाहून सुटून दोनतीन दिवसांत सलग 2,270 ते 2,770 किलोमीटर समुद्र ओलांडतो आणि कॅरिबियन बेटांवर उतरतो.

आता एक काम सांगते. इथे ज्याला ब्लॅक-बेलीड प्लोव्हर म्हणतात, तोच ग्रे प्लोव्हर आपल्या किनाऱ्यावरही येतो. इथे येणारे कॅनडाच्या उत्तरेतून येतात, आपल्याकडचे सायबेरियातून. उडताना पंखाखाली, बगलेत, ठळक काळा डाग दिसला की तोच, यात शंका नको. ज्यांच्या पोटावर काळ्या रंगाचे तुकडे उरलेले असतील ते मोठे, आणि ज्यांची पाठ बारीक, फिकट सोनेरी ठिपक्यांनी भरलेली असेल ती यंदाची पिल्ले. पाऊस उघडला की खाडीच्या तोंडाशी भरती चढताना उन्हाला पाठ करून बसावे, आणि आधी कोण आले, मागून कोण आले, हे तारखांसह वहीत टिपून ठेवावे. सप्टेंबरपासून दिवाळीपर्यंतच्या नोंदी मिळाल्या तर मला इथल्या वहीशी ताडून पाहता येतील. जुन्या दुर्बिणीची डावी काच सैल झाली होती. ती रत्नागिरीला पाठवून दुरुस्त करून घ्यावी, खर्चाचा विचार करू नये.

आईस साष्टांग नमस्कार. तब्येतीस जपावे. पत्रोत्तराची वाट पाहते.

तुमची,
मुक्ता