सुट्टीत सेवकांनी तीनच पुस्तकं वाचावीत

मा. संपादक,

स. न. वि. वि.

सुट्ट्या लागल्या की वाचनाच्या याद्या येऊ लागतात. ख्रिस्ती सेवेत असलेल्यांसाठीही त्या निघतात. पाळक, धर्मगुरू, मंडळीचे (म्हणजे स्थानिक चर्चचे) वडील म्हणजे जबाबदार ज्येष्ठ, रविवारी मुलांना बायबल शिकवणाऱ्या संडेस्कूलच्या शिक्षिका, तरुण संघ चालवणारे यांच्या हाती पडणाऱ्या अशा यादीत पंधरा-वीस नावं असतात आणि त्यांतली बरीचशी नेतृत्व, नियोजन आणि मंडळीची वाढ यांवरची. ती पुस्तकं वाईट असतात असं नाही. पण वर्षभर बैठका, हिशेब आणि कार्यक्रमांत बुडालेल्या माणसाला सुट्टीतही पुन्हा बैठकांबद्दलच वाचायला लावणं मला पटत नाही. शिवाय वीस नावांची यादी कोणी संपवत नाही. सात पुस्तकं अर्धवट उघडून पडतात आणि वाचन जमत नाही एवढीच खंत मागे उरते.

म्हणून आधी हिशेब करावा. पुनरुत्थानाच्या सणाआधीचे (ईस्टरआधीचे) आठवडे वाचनासाठी धरूच नयेत, तेव्हा सेवकाला श्वास घ्यायलाही फुरसत नसते. सण झाल्यावर पेन्टेकॉस्टपर्यंत, म्हणजे पवित्र आत्मा उतरल्याच्या सणापर्यंत, सात आठवडे मिळतात. रोज २० पानं आणि आठवड्याचे ५ दिवस धरले तर ७०० पानं होतात. त्यातले दोन आठवडे मुलांची सुट्टीतली बायबल शाळा, शिबिरं, लग्नं आणि अंत्यविधी यांत जाणारच. उरली ५००. एवढ्यात मध्यम जाडीची तीन पुस्तकं बसतात, चौथं बसत नाही. संडेस्कूलच्या शिक्षिकेला घर आणि नोकरी सांभाळून रोज १० पानंच जमत असतील तर तिने एकच पुस्तक घ्यावं आणि ते शेवटापर्यंत न्यावं.

पहिलं पुस्तक लहान असावं. जाड ग्रंथाने सुरुवात केली की तिसऱ्या दिवशी खूण जिथल्या तिथे राहते. जर्मन पाळक डीट्रिख बोनहोफर यांचं ‘लाइफ टुगेदर’ याला उत्तम. फिंकेनवाल्डे इथली त्यांची पाळक-प्रशिक्षण शाळा गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, १९३७ मध्ये बंद केली. तिथल्या एकत्र जगण्यावर पुढच्या वर्षी त्यांनी अवघ्या काही आठवड्यांत हे लिहिलं आणि १९३९ मध्ये ते छापून आलं. पाचच प्रकरणं आहेत. पहिल्यात त्यांनी फार कठोर गोष्ट सांगितली आहे. ज्याला प्रत्यक्ष मंडळीपेक्षा मंडळीबद्दलचं आपलं स्वप्न प्यारं असतं तो मंडळी मोडतो, त्याचा हेतू कितीही शुद्ध असो. नव्या जागी रुजू झालेल्या पाळकाने हे प्रकरण दोनदा वाचावं. चौथ्या प्रकरणात सेवेचा क्रम दिला आहे. जीभ आवरणं, नम्रता, ऐकून घेणं, लहानसहान कामात हात देणं, दुसऱ्याचं ओझं वाहणं, आणि वचन सांगणं त्यानंतर. आपल्याकडे हा क्रम बहुतेक वेळा उलटा लागतो.

या पुस्तकाबाबत एक चूक हमखास होते. दुसऱ्या प्रकरणात सकाळची एकत्र प्रार्थना, स्तोत्रं, शास्त्राचं लांब वाचन आणि गायन असा दिवसाचा आराखडा आहे. उत्साहाच्या भरात तो जसाच्या तसा मंडळीतल्या कुटुंबांवर लादला जातो. पण तो मुख्यतः एका छपराखाली राहणाऱ्या, शिकणाऱ्या तरुणांसाठी होता. कामाच्या पाळ्या सांभाळणाऱ्या घरात त्यातलं एक स्तोत्र आणि एक प्रार्थना टिकली तरी पुष्कळ.

दुसरं पुस्तक जुनं घ्यावं, चांगलं चौदाशे वर्षं जुनं. थोरले ग्रेगरी ५९० मध्ये पोप झाले आणि त्याच सुमारास त्यांनी पाळकाच्या कामावर पुस्तक लिहिलं. इंग्रजीत ते ‘पास्टोरल रूल’ या नावाने मिळतं. चार भाग आहेत. पहिल्या दोहोंत प्रत्येकी ११ प्रकरणं, तिसऱ्यात ४० आणि चौथ्यात एकच. पहिला भाग या पदावर कोणी यावं आणि कोणी येऊ नये याचा आहे, तो थोडा जड जातो. ज्यांना तिथे अडखळायला होईल त्यांनी सरळ तिसरा भाग उघडावा. पुस्तकाचा जीव तिथे आहे.

त्या भागाच्या प्रस्तावनेत ग्रेगरी म्हणतात की सगळ्यांना एकच उपदेश लागू पडत नाही. ज्या हलक्या शिट्टीने घोडा शांत होतो तिनेच कुत्र्याचं पिल्लू चेकाळतं. जे औषध एक दुखणं उतरवतं तेच दुसरं वाढवतं. मग ते माणसांच्या जोड्या घेतात. गरीब आणि श्रीमंत, आनंदी आणि उदास, निर्भीड आणि लाजाळू, अबोल आणि बडबडे, उतावळे आणि सोशिक, भांडखोर आणि शांतताप्रिय, निरोगी आणि आजारी. प्रत्येक जोडीला काय सांगायचं आणि कसं, हे ते दोन्ही बाजूंनी दाखवतात. उतावळ्याला आवर हे कोणीही सांगेल. ग्रेगरी सोशिक माणसालाही इशारा देतात. वरून सोसलेलं आत सलत राहिलं तर पुढे त्याचा द्वेष होतो, तेव्हा सोसून झाल्यावर स्वतःचं मन तपासत जा. अबोल माणसाबद्दलही तसंच. तोंड बंद असलं की आतली बडबड वाढते, विचार कोंडून उसळत राहतात, म्हणून त्याला विश्वासाच्या माणसाजवळ बोलतं करावं लागतं. घरभेटी करणाऱ्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल.

ही ४० प्रकरणं बहुतेक लहान आहेत. रोज दोन घेतली तर आठवड्याला १०, म्हणजे चार आठवड्यांत भाग संपतो. एक जोडी वाचून झाली की पुस्तक मिटावं, मंडळीतला तसा एक माणूस मनात आणावा आणि त्याच्यासाठी प्रार्थना करावी. समासात मात्र त्याचं नाव लिहू नये. पुस्तकं उसनी जातात, आणि ‘भांडखोर’ या शब्दाशेजारी पेन्सिलीने लिहिलेलं नाव ज्याच्या हाती पडायला नको नेमकं त्याच्याच हाती पडतं. चौथा भाग शेवटच्या दिवशी वाचावा. उपदेशकाने उपदेशानंतर स्वतःकडे वळावं, नाहीतर चांगलं बोलल्याचा गर्व त्यालाच बुडवतो, एवढंच त्यात आहे. ग्रंथ जुना असल्याने अधिकार आणि आज्ञापालन यांविषयीचे काही उल्लेख आज खटकतील. ते वगळून पुढे जायला हरकत नाही. भाषांतर नवीन आणि तळटिपांचं घ्यावं, म्हणजे शास्त्रातले संदर्भ शोधत बसावं लागत नाही.

तिसरं मराठीच असावं असा माझा आग्रह आहे आणि ते म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. साहित्य म्हणून ती अनेकांनी वाचलेली असतात. सेवकाने ती एकदा सेवकाच्या घराचा इतिहास म्हणून वाचून पाहावीत. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला आणि लक्ष्मीबाई त्या निर्णयाला पोहोचायला पुढे काही वर्षं गेली. मधल्या काळातला दुरावा, नातलगांचं बोलणं, हाती आलेलं दुसऱ्याला देऊन मोकळा होणारा नवरा आणि त्यातून संसार चालवणारी बायको हे सगळं त्या कुठेही रडगाणं न गाता सांगतात. एकाला झालेलं पाचारण, म्हणजे सेवेसाठी देवाचं बोलावणं, घरातल्या बाकीच्यांना काय किंमत मोजायला लावतं, हे इतक्या मोकळेपणाने सांगणारं पान नेतृत्वाच्या पुस्तकांत सहसा सापडत नाही. हे पुस्तक नवरा-बायकोने मिळून वाचावं, आळीपाळीने, मोठ्याने. मध्येच एकजण थांबला तर का थांबला हे दुसऱ्याने विचारावं. ऐकायला लागणारं उत्तर सोपं नसेल, त्याची तयारी ठेवावी.

ज्यांनी ही तिन्ही वाचली आहेत त्यांच्यासाठी आणखी दोन नावं. इंग्रज पाळक रिचर्ड बॅक्स्टर यांचं ‘द रिफॉर्म्ड पास्टर’ १६५६ चं आहे. नावातल्या ‘रिफॉर्म्ड’चा इथला अर्थ एखाद्या पंथाचा नसून सुधारलेला, पुन्हा जागा झालेला असा आहे. नाव पाहून ते बाजूला ठेवू नये. बॅक्स्टर इंग्लंडमधल्या किडरमिन्स्टरला आपल्या सहायकासह दर आठवड्याला सोमवार आणि मंगळवार घराघरांना शिकवण्यासाठी राखून ठेवत. आठवड्याला १५-१६ कुटुंबं, म्हणजे वर्षात ८०० च्या आसपास. एवढा आकडा वाचून छाती दडपते आणि पुस्तक मिटलं जातं. त्याऐवजी आपल्या मंडळीतल्या कुटुंबांची संख्या घेऊन तिला ५२ ने भागावं. १०० कुटुंबं असतील तर आठवड्याला दोन भेटी पुरतात. बॅक्स्टर यांचा स्वर झोडपणारा आहे आणि संपूर्ण आवृत्ती लांबलचक. संक्षिप्त आवृत्ती घ्यायला संकोच करू नये.

दुसरं नाव ऑगस्टिन या प्राचीन ख्रिस्ती लेखकाच्या ‘कन्फेशन्स’ या आत्मकथनाचं. त्यात १३ भाग आहेत. पहिल्या ९ भागांत त्यांचं आयुष्य आहे आणि ते आई मोनिकाच्या मृत्यूपाशी थांबतं. बहुतेक वाचक तिथेच थांबतात. सेवकाने दहावा भाग वाचावा. लिहिताना ऑगस्टिन बिशप होते, आणि लोकांची स्तुती आपल्याला अजून किती हवीशी वाटते हे त्यांनी तिथे लपवलेलं नाही. अकरा ते तेरा, म्हणजे काळ आणि उत्पत्तीवरचं चिंतन, पुढच्या सुट्टीला ठेवलं तरी चालेल.

आता सगळ्यात मोठ्या चुकीबद्दल. सेवक वाचतो तेव्हा त्याच्या मनात येणारा रविवार बसलेला असतो. चांगलं वाक्य दिसलं की ते उपदेशाच्या वहीत जातं, गोष्ट दिसली की तिचा दाखला होतो. महिन्याभरात पुस्तकातून आठ दाखले निघतात आणि वाचणारा कोरडाच राहतो. यावर उपाय म्हणून उपदेशाची वही दुसऱ्या खोलीत ठेवावी. या सात आठवड्यांत वाचलेलं काहीही पेन्टेकॉस्टच्या आधी व्यासपीठावरून सांगायचं नाही, असं ठरवून टाकावं. जे तोवर मनात टिकेल ते सांगण्याजोगं असतं. आणि सांगताना लेखकाचं नाव घ्यावं. दुसऱ्याचं वाक्य स्वतःचं म्हणून बोलणं ही चोरीच आहे, व्यासपीठावरून बोलल्याने तिचा दोष कमी होत नाही.

व्यासपीठावरच्या मराठीला उजाळा द्यायचा असेल तर त्यासाठी वेगळं, पानांच्या हिशेबाबाहेरचं वाचन आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘क्रिस्तपुराण’ हे ख्रिस्ताची कथा सांगणारं मराठी काव्य १६१६ मध्ये छापलं गेलं. त्यात सुमारे ११ हजार ओव्या आहेत, त्या सलग वाचायला बसू नये. रोज सकाळी २० ओव्या मोठ्याने म्हणाव्यात. कित्येक शब्द पहिल्यांदा कळणार नाहीत, पण ओवीच्या चालीत अर्थ उलगडत जातो. महिन्याभरात आपली वाक्यं आपोआप आखूड होऊ लागतात, आणि भाषांतरातून आलेली आखडलेली शास्त्राची भाषा बोलताना मोकळी होते.

मंडळीच्या वडिलांसह वाचायचं असेल तर सहाजणांहून मोठा गट नको. एका बैठकीला एक प्रकरण आणि एक तास. आधी कोणीतरी एक पान मोठ्याने वाचावं, मग प्रत्येकाने आपण कुठे थबकलो तेवढंच सांगावं. पाळकाने सर्वांत शेवटी बोलावं. तो आधी बोलला तर त्याचा उपदेश होतो आणि बाकीचे माना डोलावतात. ‘लाइफ टुगेदर’ पाच बैठकांत संपतं.

आपल्या वृत्तपत्राने सुट्टीतल्या वाचनाची यादी छापताना दोन गोष्टी कराव्यात अशी विनंती आहे. प्रत्येक पुस्तकाची पानसंख्या आणि आवृत्ती, संपूर्ण की संक्षिप्त, हे नावाशेजारीच द्यावं. आणि सेवकांसाठी यादी असेल तर ती पुनरुत्थानाच्या सणाच्या आधीच्या आठवड्यात यावी. पुस्तक शोधायला आणि मागवायला आठ-दहा दिवस जातात. यादी सणानंतर आली तर सातातला एक आठवडा तिथेच संपतो.

आपली,
पाळक आणि संडेस्कूल शिक्षकांच्या प्रशिक्षणात काम करणारी एक वाचक