टायर मोठे करण्याआधी गाडी मोजा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

थार, जिम्नी आणि जुन्या जिप्सीला मोठे टायर आणि दोन इंचांची लिफ्ट (गाडीची बॉडी चाकांपासून वर उचलणे) सकाळी गाडी दिली की संध्याकाळी बसवून देणारी दुकाने आता पुण्या-मुंबईपुरती राहिलेली नाहीत. ग्राहक टायरची नक्षी आणि रिमचा रंग पसंत करतो, पैसे मोजतो आणि गाडी घेऊन थेट घाटात जातो. त्या टायरमुळे गाडीत आणखी काय काय बदलले, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. आपले अनेक वाचक अशा गाड्या चालवतात आणि त्याहून कितीतरी जास्त वाचकांना या गाड्या समोरून येताना भेटतात. म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आधी मापे पाहू. थारच्या १८ इंची रिमच्या प्रकारात कंपनीचा टायर २५५/६५ आर१८ येतो. २५५ ही मिलिमीटरमधली रुंदी, ६५ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के, आणि १८ इंच रिम. हिशेब केला की टायरचा व्यास ७८९ मिमी भरतो, म्हणजे ३१ इंच. ‘३३ इंची’ म्हणून विकला जाणारा २८५/७० आर१७ हा टायर ८३१ मिमीचा. व्यासात ४२ मिमीची वाढ झाली, पण गाडीखाली त्याच्या निम्मीच मिळते, २१ मिमी. एवढ्यासाठी टायर, रिम आणि लिफ्ट असा सगळा खर्च होतो.

लिफ्ट किटबद्दलचा मोठा गैरसमज इथेच आहे. थारचा मागचा अॅक्सल, म्हणजे दोन चाकांना जोडणारा आडवा दांडा, अखंड आहे. जिम्नीचे तर पुढचे-मागचे दोन्ही अॅक्सल तसेच. स्प्रिंग उंच केल्या की बॉडी वर जाते, अॅक्सल आणि त्यावरचा डिफरन्शियलचा (दोन्ही चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरचा) गोळा जागचा हलत नाही. दगड बहुतेक वेळा लागतो तो त्या गोळ्यालाच, आणि त्याखालची जागा फक्त टायरच्या व्यासाने वाढते. लिफ्टने चढाच्या तोंडाशी बंपर वाचतो, उंचवट्यावर पोट टेकत नाही आणि मोठ्या टायरला मडगार्डात जागा मिळते. हे उपयोगाचे आहेच, पण ग्राहकाला वाटते ते हे नव्हे.

मोठ्या टायरची किंमत गाडी रोज मोजते. वरच्या उदाहरणात व्यास ५.३ टक्के वाढला, त्यामुळे प्रत्येक गिअरमध्ये जमिनीवर पोहोचणारा जोर सुमारे ५ टक्क्यांनी घटतो. चढावर क्लच अर्धा दाबून धरण्याची वेळ वारंवार येते आणि क्लच प्लेट लवकर जाते. ब्रेकचेही तेच: पॅडची पकड तेवढीच, पण चाकाचा हात लांबला. शिवाय जाड भिंतीचा मड टेरेन (चिखलासाठीचा) टायर मूळ टायरपेक्षा सात-आठ किलोने सहज जड भरतो. हे वजन फिरणारे आहे, स्प्रिंगच्या खालचे आहे, म्हणून ते शॉकअपला, बेअरिंगला आणि बॉल जॉइंटला जास्त जाचते. स्टेपनी मागच्या दाराला टांगलेली असते. काही महिन्यांत बिजागऱ्या बसतात, दार खडखडते आणि सरळ लागत नाही. मीटरही मागे पडतो. तो मुळात अचूक असेल, तर त्यावर ९५ दिसताना खरा वेग १०० असतो. दहा हजार किलोमीटरची सर्व्हिस प्रत्यक्षात साडेदहा हजारांवर होते.

व्यासातली वाढ ३ टक्क्यांच्या आत ठेवा, हा जुना आणि शहाणा आडाखा आहे. जिम्नीला १९५/८० आर१५ ऐवजी २१५/७५ आर१५ घातला तर वाढ दीड टक्का होते आणि लिफ्टशिवाय काम भागते. तिलाच २३५/७५ आर१५ घातला तर वाढ जवळपास ६ टक्के होते. मग स्टिअरिंग पूर्ण वळवून खड्ड्यात गेल्यावर घासणार, हे धरूनच चालावे. मापाबरोबर लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो याचा आकडाही वाचावा. १०४ म्हणजे एका टायरवर ९०० किलो, १११ म्हणजे १०९० किलो. मूळ टायरपेक्षा कमी आकड्याचा टायर कितीही रुंद आणि स्वस्त असला तरी घेऊ नये.

सस्पेन्शनचे काम सुरू होते वजनकाट्यावर. गाडी नेहमीच्या प्रवासाला जाते तशी भरून न्यावी, पुढचा आणि मागचा अॅक्सल वेगवेगळा तोलावा आणि स्प्रिंग त्या वजनाला निवडावी. पुढे लोखंडी बंपर आणि विंच (अडकलेली गाडी ओढून काढणारे यंत्र) नसताना त्यांच्यासाठीची कडक स्प्रिंग घातली तर गाडी खड्ड्यात बसत नाही, उडते, आणि उडालेल्या चाकाला पकड नसते. शॉकअप त्या स्प्रिंगच्या जोडीचेच हवेत. त्यांची लांबी तेवढीच ठेवून नुसती स्प्रिंग उंच केली, तर चाक खाली लोंबताना सगळा झटका शॉकअपच्या दांड्यावर येतो आणि तेलाची सील फुटते.

सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे पुढच्या शॉकअपच्या डोक्यावर बसवायची चकती, म्हणजे स्पेसर. थारला पुढे डबल विशबोन आहे, म्हणजे प्रत्येक चाक वर आणि खाली अशा दोन आर्मवर धरलेले असते. शॉकअप खालच्या आर्मवर चाकाच्या अलीकडे टेकतो, म्हणून २० मिमीच्या चकतीने चाकाशी दीड ते दोन पट उंची मिळते. दुकानदार आनंदाने आकडा दाखवतो. पण चाकाचा वर-खाली होण्याचा एकूण प्रवास वाढलेला नसतो, तो फक्त खाली सरकलेला असतो. अॅक्सल शाफ्टचा कोन वाढतो, रबरी बूट फाटतो, ग्रीस उडून जाते, आणि वळताना कटकट आवाज येऊ लागला की जॉइंट संपलेला असतो. जुन्या थारमध्ये टॉर्शन बारचा (पिळून स्प्रिंगचे काम करणाऱ्या दांड्याचा) बोल्ट आवळून पुढून उंची घेतात, तिथेही हेच. स्प्रिंग कडक झालेली नसते, फक्त प्रवासाची जागा सरकलेली असते. ज्या गाडीला मागे पाट्यांच्या स्प्रिंग आहेत, तिथे त्यांच्याखाली ठोकळे एकावर एक रचणे तर सरळ धोक्याचे. पाटे उघडले की त्यांना अॅक्सलशी बांधणारे यू-बोल्ट नवेच घालावेत. एकदा ताणलेले पुन्हा नीट धरत नाहीत.

जिम्नीचा प्रश्न वेगळा. तिच्यात लिफ्टने पुढचा अॅक्सल थोडा फिरतो आणि कॅस्टर, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळते त्याचा मागे झुकलेला कोन, कमी होतो. मग स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही, आणि एखाद्या खड्ड्यानंतर साठ-सत्तरच्या वेगात पुढची चाके थरथरायला लागतात, इतकी की गाडी थांबवावीच लागते. यावर जाड स्टिअरिंग डॅम्पर विकला जातो. तो लक्षण दाबतो, रोग तसाच राहतो. खरा क्रम असा: चाकांचा बॅलन्स, किंगपिन बेअरिंग (चाक ज्यावर वळते ते), पॅनहार्ड रॉडचे (अॅक्सलला आडवे सरकू न देणाऱ्या दांड्याचे) रबरी बुश, आणि कॅस्टर दुरुस्त करणारे बुश किंवा ब्रॅकेट. पॅनहार्ड रॉड मूळ लांबीचाच ठेवून गाडी उचलली तर अॅक्सल एका बाजूला सरकतो. दोन्ही बाजूंना टायर मडगार्डाबाहेर किती आला ते पट्टीने मोजले की लगेच कळते. कमी-जास्त करता येणारा रॉड त्यासाठीच असतो.

एक चूक मात्र चांगल्या गॅरेजमध्येही होते. आर्म आणि रॉडचे रबरी बुशवाले बोल्ट गाडी गॅरेजमध्ये हवेत उचलून टांगलेली असतानाच पक्के आवळले जातात. चाके जमिनीला टेकली की प्रत्येक बुश कायमचा पिळलेल्या स्थितीत राहतो आणि लवकर फाटतो. हे बोल्ट आधी हाताने लावावेत, गाडी जमिनीवर उतरवून दोन-चार वेळा दाबावी आणि मगच टॉर्क पान्याने आवळावेत. यासाठी जास्तीचा अर्धा तास लागतो, तो ग्राहकाने मागून घ्यावा.

ताब्यात घेण्याआधी गाडी स्टँडवर घेऊन एका बाजूचे चाक पूर्ण खाली लोंबू द्यावे आणि ब्रेकचा होज व एबीएसची वायर ताणली जाते का ते पाहावे. मग स्प्रिंग काढून तेच चाक जॅकने बंप स्टॉपपर्यंत (वर येणाऱ्या चाकाला अडवणाऱ्या ठोकळ्यापर्यंत) वर न्यावे आणि स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत वळवावे. टायर कुठेही लागता कामा नये. लागत असेल तर बंप स्टॉप लांब करावा, मडगार्ड कापू नये. चाके बाहेरच्या बाजूला सरकवण्यासाठीच्या स्वस्त चकत्यांमुळे नटाला आटे कमी मिळतात. जिम्नीचा स्टड, म्हणजे चाकाचा नट बसतो तो बोल्ट, १२ मिमीचा, १.२५ मिमीच्या आट्याचा आहे. नट किमान दहा पूर्ण फेरे आत जायलाच हवा. अलाइनमेंट केल्यावर हेडलाइट खाली आणावेत, कारण उंच झालेल्या गाडीचा डिपरही समोरच्याच्या डोळ्यांत जातो. वरंध किंवा आंबोली घाटात रात्री याचा अर्थ काय होतो ते वेगळे सांगायला नको. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा तपासावेत. स्टेपनीही त्याच मापाची हवी: फोर-बाय-फोरमध्ये पुढे-मागे वेगळ्या व्यासाची चाके फिरली तर ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या गिअरबॉक्सवर) ताण येतो.

आता कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातल्या कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. विमा कंपनीला न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी आडवा येऊ शकतो, तो भाग निराळाच. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या प्रकाराला कंपनीने मान्य केलेले माप घेणे हा सुरक्षित मार्ग आहे.

आणि खरे म्हणजे सह्याद्रीतल्या बहुतेक वाटांना एवढ्या खटाटोपाची गरजच नाही. मूळ मापाचाच चांगला ऑल टेरेन (सगळ्या प्रकारच्या रस्त्यांसाठीचा) टायर घ्या. मड टेरेनचे मोठे ठोकळे ओल्या डांबरावर लांब घसरतात, आणि आपल्या बहुतेक प्रवासाचा रस्ता डांबरीच असतो. चिखलात किंवा सैल दगडांत हवा १८ ते २० पीएसआयवर आणा. टायर लांबट पसरतो आणि पकड लगेच जाणवण्याइतकी वाढते. तेव्हा वेग २५ च्या वर नको, आणि १५ पीएसआयच्या खाली गेलात तर टायर रिमवरून निसटू शकतो. डांबरावर परतण्याआधी हवा पूर्ववत भरा. यासाठी लागतात फक्त एक गेज आणि गाडीच्या बॅटरीवर चालणारा कंप्रेसर.

आपल्या माध्यमातून दोन मागण्या. प्रादेशिक परिवहन कार्यालयांनी कोणते टायर आणि कोणते बदल चालतात याची मॉडेलनिहाय यादी मराठीत दर्शनी भागात लावावी. आणि असे काम करणाऱ्या प्रत्येक गॅरेजने बिलासोबत एक कागद द्यावा: चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डापर्यंतची आधीची व नंतरची उंची, टायरचे माप, लोड इंडेक्स, अलाइनमेंटचे आकडे आणि मीटरमध्ये पडणारा फरक. हा कागद द्यायला जो तयार नसेल, त्याच्याकडे गाडी सोडू नये.

आपला,
एक वाचक, निगडी, पुणे