साहेब, रेडॉन मोजायचं यंत्र देगलूरलाच बसवा

मा. पर्यावरण मंत्री, महाराष्ट्र राज्य

साहेब नमस्कार,

मी देगलूरकडचा, ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवतो. मागणी एकच, आमच्या उघड्या हवेतला रेडॉन, म्हणजे जमिनीतून येणारा किरणोत्सारी वायू, वर्षभर मोजा, आणि इथंच मोजा. मराठवाडा म्हटलं की सगळे काळा बसाल्ट धरून चालतात, पण देगलूर-बिलोलीकडं तो संपत जातो अन् ग्रॅनाइट उघडा पडतो, आणि ग्रॅनाइटमध्ये युरेनियम बसाल्टपेक्षा जास्त असतं, त्याचं रेडियम होतं, रेडियमचा रेडॉन, ना वास ना रंग, भेगांतून वर येतो.

कुणाला घाबरवायचं नाही. उघड्या हवेत जगाची सरासरी साधारण 10 बेकरेल प्रति घनमीटर आहे (एक बेकरेल म्हणजे सेकंदाला एक अणू फुटणं), जागतिक आरोग्य संघटनेनं 2009 ला घरांसाठी 100 ची पातळी सांगितली. पण उद्या एखाद्या घरात 60 आला तर त्यातला बाहेरून आलेला किती हे कशावरून सांगणार? बाहेरचा आकडा तर पाहिजे ना.

आणि नुसता गॅस मोजून भागत नाही. फुफ्फुसाला खरा त्रास त्याच्यापासून तयार होणाऱ्या पोलोनियम, शिसं, बिस्मथ यांच्या कणांचा, ते धुळीला चिकटतात अन् श्वासातून आत जाऊन बसतात. पंपानं दहा मिनिटं फिल्टर पेपरमधून हवा ओढली की कागदावर डोळ्याला काही वेगळं दिसत नाही, पण किरणं मोजणाऱ्या काउंटरखाली धरला की आकडे पळायला लागतात आणि अर्ध्या-पाऊण तासात निम्म्यावर येतात. म्हणजे इथला कागद पाकिटात घालून मुंबईच्या लॅबला पाठवला तर तिथं पोचेपर्यंत त्यातलं मोजण्यासारखं संपलेलं असणार, म्हणून म्हणतो यंत्र इथंच पाहिजे.

वेळेचं पण तसंच. पहाटे गार हवा जमिनीलगत दबून राहते तेव्हा रेडॉन साचतो, दुपारी ऊन तापलं की वर पांगतो. अकरा वाजता गाडी आली, एक रीडिंग घेतलं अन् गेली, हे चालणार नाही, तासातासाला नोंद पाहिजे, उन्हाळ्यात आमची माणसं अंगणात झोपतात साहेब. पावसात तर हे कण धुऊन खाली येतात, गॅमा किरणं मोजणारा मीटर तासभर चढतो अन् परत उतरतो, ते जुन्या नोंदी असल्या तरच नीट समजतं.

एक यंत्र देगलूरला, एक तुलनेसाठी लातूरला बसाल्टवर. काम नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाला द्या, आकडे मराठीत सगळ्यांना बघता येऊ द्या. आणि कृपा करून ऑफिसच्या गच्चीवर लावू नका, मोकळ्या मैदानात, भिंतीपासून लांब, माणसाच्या नाकाच्या उंचीवर लावा.

आपला,
देगलूर भागातला एक शिक्षक