विश्वामित्रीची कोतरं बुजवू नका

महोदय,

ऑगस्ट २०२४ च्या पुरानंतर बडोद्यात विश्वामित्री नदी रुंद-खोल करण्याची भाषा सुरू झाली. गाळ काढायलाच हवा. पण पुराचं पाणी पोटात घेऊन हळूहळू जमिनीत मुरवणाऱ्या नदीकाठच्या कोतरांचं, म्हणजे घळींचं, काय? आमच्या लहानपणी ज्या कोतरात बाभळी नि बगळे दिसत, तिथे आज राडारोडा टाकून सपाट केलेला प्लॉट आहे. सयाजीरावांच्या काळात शहराजवळ आजव्याला बांध घालून पावसाचं पाणी अडवलं, त्यावर शहर अजून पाणी पितं. नदीतल्या मगरी रस्त्यावर आल्या की मात्र ओरड होते. (बिचाऱ्या जाणार कुठे?) महापालिकेने पावसाळ्यापूर्वी कोतरांची हद्द खुंट्या ठोकून आखावी आणि भराव टाकणाऱ्याकडूनच तो उपसून घ्यावा.

— एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे