गॉवर गल्चमध्ये हाक मारणाऱ्या काकांना

तीर्थस्वरूप काका,
साष्टांग नमस्कार.

तुमचं नाव मला माहीत नाही. पण गेल्या नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी, दुपारी दीडच्या सुमाराला, कॅलिफोर्नियाच्या डेथ व्हॅली वाळवंटातल्या गॉवर गल्च या घळीत तुम्ही एका अकरा वर्षांच्या मुलाला हाक मारली होती, "ए पोट्ट्या! कुठं चालून राहिला? थांब तिथंच!" तो मुलगा माझा. मी त्याच्यापासून चाळीस-पन्नास पावलं मागे होते आणि तो काय करतोय हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

संध्याकाळी गाड्यांपाशी निरोप घेतला तेव्हा सगळी घाई होती. तुमच्या मुलीला लास व्हेगासचं विमान गाठायचं होतं, फोनला रेंज नव्हती, आमचे हे मुलाला गाडीत बसवत होते. मी तुम्हाला "धन्यवाद काका" म्हटलं ते बसमध्ये जागा देणाऱ्याला म्हणावं तसं. ते मला महिनाभर टोचत राहिलं, म्हणून हे उघडं पत्र. कॅलिफोर्नियात मराठी माणसं एकमेकांना कुठून ना कुठून ओळखतात. कुणीतरी तुम्हाला हे वाचून दाखवेल.

आम्ही त्या दिवशी झॅब्रिस्की पॉइंटवरून उतरायला लागलो होतो. ह्यांच्या गुडघ्याचं दुखणं आहे, त्यामुळे त्यांनी आम्हाला वर सोडलं आणि गाडी घेऊन ते खाली गोल्डन कॅन्यनच्या तोंडाशी गेले. वरून जे दिसतं ते मी आधी फोटोंत शंभरदा पाहिलं होतं, तरी समोर उभं राहिल्यावर काही सुचेना. हळदीचे ढीग करून त्यावर कुणी बोटांनी रेघा ओढाव्यात तशा त्या पिवळ्या टेकड्या. एका बाजूला मॅनली बीकनचं टोक, मागे तांबडे कडे, आणि समोर दरीपलीकडे पॅनमिंट डोंगरांची निळसर रांग. सगळी माती एका जुन्या तळ्याच्या तळाची. गवताचं पातं नाही. आणि इतकी शांतता, की आपल्याच कानातलं रक्त ऐकू येतं.

हवा थंड होती, आपल्याकडच्या पौषातल्या दुपारसारखी. म्हणून मी दोघांना मिळून दीड लिटर पाणी पुरेल असं धरलं. ही माझी चूक. वाळवंटात घाम अंगावर येतच नाही, येतायेताच वाळतो, आणि तहान लागली असं कळेपर्यंत उशीर झालेला असतो. इथेच फर्नेस क्रीकला १० जुलै १९१३ रोजी ५६.७ अंश सेल्सियसची नोंद झाली, हे मी मुलाला मोठ्या कौतुकाने सांगत होते. पण तो आकडा उन्हाळ्याचा, आपला काय संबंध, असंच माझ्या डोक्यात होतं.

गल्चमध्ये उतरलो तशा भिंतींत ती भोकं दिसायला लागली. कुठे कमरेएवढी, कुठे माणूस वाकून आत जाईल एवढी. बोरॅक्स नावाचं पांढरं खनिज शोधणाऱ्यांनी शंभरेक वर्षांमागे पाडलेली. माझ्या मुलाला ती गुहा वाटली. सिंहगडावरचं देवटाकं, कार्ल्याची लेणी, कुठेही अंधार दिसला की आत डोकावायचं हे आम्हीच त्याला शिकवलेलं. त्याने माझा फोन घेतला, टॉर्च लावला आणि सरळ तिकडे निघाला. तुमची हाक आली तेव्हा त्याचा एक पाय आत होता.

तुम्ही रागावला नाहीत, हे मला पहिल्यांदा सांगायचं आहे. मी धापा टाकत पोचले आणि त्याला ओरडायला तोंड उघडणार, तेवढ्यात तुम्ही मला हातानेच थांबवलंत. डोक्यावरची कानटोपी काढलीत. त्या भोकासमोर उभे राहून दोन्ही हात जोडलेत. मला काही कळेना. मग तुम्ही म्हणालात, चंद्रपूरकडच्या कोळसा खाणीत ३४ वर्षं काढली, आधी मायनिंग सरदार, मग ओव्हरमन, म्हणजे खाणीतल्या पाळीवर देखरेख करणारे. पाळीला उतरताना खाणीच्या तोंडाशी महाकालीचं नाव घेऊन हात जोडायचे, ते अजून सुटलं नाही. "खाण कोन्या बी देशाची असो बाई, आत माणसं राबली ना."

आणि मग तुम्ही हातातली काठी वापरलीत. दोन पावलं बाहेर उभं राहून, हात लांब करून, तोंडाच्या डाव्या बाजूच्या दगडावर टोकाने मारलंत. टण्. मुलाला म्हणालात, ऐकलं? मग हातभर वर, छताच्या कडेला मारलंत. तो आवाज वेगळा होता. बाजारात माठ वाजवून घेताना तडा गेलेला माठ जसा बोलतो तसा, भद्द. बारीक माती खाली सांडली. माझ्या मुलाचा चेहरा त्या क्षणी बदलला, तो मी पाहिला. मी वीस मिनिटं बोलले असते तरी जे झालं नसतं ते त्या दोन आवाजांनी झालं.

तुम्ही सांगितलंत की चालू खाणीत दर पाळीच्या आधी कुणीतरी असं छत वाजवत जातं, जिथे पोकळ बोलेल तिथे टेकू लावतं, नाहीतर ते पाडून टाकतं, वायू तपासतं, आणि मगच माणसं आत सोडतात. इथे तो माणूस जाऊन शंभर वर्षं झाली. छताला आता कुणी वाली नाही. आत हवा असेल पण त्यात प्राणवायू असेलच असं नाही, आणि तो नसल्याचा ना वास येतो ना रंग दिसतो. माणूस दमल्यासारखा खाली बसतो आणि उठत नाही. अंधारात जमिनीतच खाली उतरलेली विहीर असू शकते. मग तुम्ही त्याला विचारलंत, "भेव वाटलं का?" तो नाही म्हणाला. "वाटलं पायजे. मले ३४ वर्षं रोज वाटलं."

भेव हा शब्द त्याला माहीत नव्हता. आता तो घरातही वापरतो आणि रस्ता ओलांडतानाही.

त्याचे ओठ सुकलेले तुम्हीच आधी पाहिलेत, मी नाही. सावलीत बसवून तुमच्या बाटलीतलं लिंबू-मीठ-साखरेचं पाणी दोघांना प्यायला लावलंत, घोट घोट, घाई न करता. मग पाठपिशवीतून स्टीलचा डबा काढून शेंगदाणे आणि गुळाचे खडे त्याच्या तळहातावर ठेवलेत. त्याचं डोकं दुखत होतं हे तेव्हा कुठे त्याने सांगितलं. दहा-पंधरा मिनिटांत तो पुन्हा बडबडायला लागला. ते पाणी तुमचं आणि तुमच्या मुलीचं परतीचं होतं, हे मला नंतर उमगलं.

त्या बैठकीत तुम्ही त्याला जे सांगितलंत ते त्याने जसंच्या तसं शाळेत सांगितलं. इथून लोक सोनं काढायचे का, असं त्याने विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, सोनं नाही, सोनाराचा टाकणखार, बोरॅक्स म्हणतात तो हाच. दागिन्याला डाग देताना सोनार जी पांढरी पूड लावतो ती. तुमची आई तान्ह्या बाळाच्या तोंडात फोड आले की टाकणखाराची लाही करून मधातून चाटवायची, तोच हा. "कॅरम खेळतो का रे? बोर्डावर पावडर टाकतात ना, ते याचंच भावंड." कॅरमची पावडर म्हटल्यावर त्याला एकदम ती भिंतीतली पांढरी रेघ आपली वाटायला लागली. त्याने एक पांढरा खडा खिशात घातला, तो तुम्ही परत जागेवर ठेवायला लावलात. राष्ट्रीय उद्यानातला दगड उचलायचा नसतो म्हणून तर खरंच, पण तुम्ही त्याला म्हणालात की मागून येणाऱ्या पोराला काय दाखवणार?

आणखी एक गोष्ट तुम्ही बोलून गेलात, कदाचित तुमच्या लक्षातही नसेल. तुमची मुलगी माहितीपत्रकातून वाचून दाखवत होती. वरचा पॉइंट ज्या झॅब्रिस्कींच्या नावाचा, ते पॅसिफिक कोस्ट बोरॅक्स कंपनीचे बडे अधिकारी. गॉवर त्याच कंपनीतले. कोलमनाइट हे बोरॅक्सचं खनिज विल्यम कोलमन या बोरॅक्स कारखान्याच्या मालकाच्या नावाचं. तुम्ही ऐकत होतात, मग त्या भोकाकडे बघत म्हणालात, "हे खोदणाऱ्याचं नाव?" कुणीच काही बोललं नाही. तुमचे पुढचे प्रश्न असे होते: पाणी कुठून आणत असतील, झोपत कुठे असतील, रोज किती मिळत असेल.

तिथून पुढे तुम्ही आम्हाला एकटं सोडलं नाहीत. खरं तर तुम्हाला गोल्डन कॅन्यनच्या वाटेने परत जायचं होतं. पायाखाली करडे गोटे लागले, भिंती पिवळ्या आणि तळ करडा, तेव्हा हे पाणी बाहेरचं आहे हे तुम्ही बघताक्षणी ओळखलंत. फर्नेस क्रीकची वस्ती पुरापासून वाचवायला माणसांनीच तिथला ओढा या गल्चमध्ये वळवला, हे तुमच्या मुलीने मागाहून वाचलं. काका, जमीन वाचणं म्हणजे काय ते मी त्या दिवशी पाहिलं.

गल्च शेवटी अरुंद होतं आणि एकाएकी जमीन संपते. साधारण ३० फुटांचा कोरडा धबधबा. वाट उजव्या हाताला कड्याच्या अंगाने जाते. रुंदी तशी पुरेशी आहे, रोज माणसं जातात, पण माझे पाय तिथे थिजले. मला उंचीची भीती आहे आणि मुलासमोर ती दाखवायची नव्हती. तुम्ही काहीही न विचारता काठीचं एक टोक माझ्या हातात दिलंत आणि दुसरं स्वतःच्या. "खाली नको पाहू बाई. माह्या टाचेकडं पाह्य." मी तुमच्या बुटाच्या टाचा बघत चालले. उजवी टाच बाहेरच्या अंगाला झिजलेली होती, तिच्यावर खडूसारखी पांढरी माती बसली होती. अजून डोळे मिटले की ती टाच दिसते. पोटऱ्यांची थरथर थांबली तेव्हा आपण खाली सपाटीवर होतो आणि सूर्य पॅनमिंटच्या मागे चालला होता. समोर मिठाचं मैदान गुलाबी झालेलं, समुद्रसपाटीच्याही खाली, आणि आपण चौघं काही न बोलता टेकडीच्या पायथ्याने गाड्यांकडे चाललेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही लॉस एंजेलिसला निघणार होतो. पण मुलाने हट्ट धरला, खोदणाऱ्यांचं घर बघायचं. म्हणून फर्नेस क्रीकजवळच्या हार्मनी बोरॅक्स वर्क्सला गेलो. १८८३ ते १८८८ एवढीच वर्षं तो कारखाना चालला. मातीच्या विटांच्या पडक्या भिंती, एक मोठा बॉयलर, आणि त्या प्रसिद्ध मालगाड्या. मागचं चाक ७ फूट उंचीचं, माझा मुलगा त्याच्या पुढ्यात छोटा दिसत होता. अशा दोन गाड्या, मागे ४,५०० लिटरची पाण्याची टाकी, ओढायला १८ खेचरं आणि २ घोडे, आणि मोहावीचं रेल्वे स्टेशन २६५ किलोमीटरवर. दहा दिवसांची वाट. उन्हाळ्यात इथे इतकं तापायचं की उकळलेलं पाणी बोरॅक्सचे खडे धरण्याइतकं निवतच नसे, म्हणून तेवढे महिने काम दुसरीकडे हलवत.

तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथे मिळालं. मिठाच्या मैदानावरून बोरॅक्सचे कापसासारखे गोळे खरवडून गोळा करणारे मजूर चिनी होते. आपला गाव सोडून समुद्रापार आलेले. नावं तिथेही नाहीत. माझ्या मुलाने चाकाशेजारी उभं राहून टोपी काढली आणि हात जोडले. त्याला मी सांगितलं नव्हतं. शेजारची दोन अमेरिकन माणसं बघत राहिली, मग त्यांनीही टोप्या काढल्या.

मॅनली बीकन ज्याच्या नावाचं, त्या विल्यम मॅनलीची गोष्ट मी नंतर वाचली. १८४९च्या अखेरीला वाट चुकलेली काही कुटुंबं या दरीत अडकली होती. मॅनली आणि जॉन रॉजर्स असे दोघं तरुण मदत आणायला पायी निघाले, वाळवंट ओलांडून माणसांच्या वस्तीपर्यंत पोचले. पोचल्यावर त्यांना तिथेच थांबता आलं असतं. ते अन्न घेऊन परत आले आणि त्या माणसांना बाहेर घेऊन गेले. वाचताना मला त्या दोघांचे चेहरे दिसले नाहीत, कानटोपी आणि काठी दिसली.

मुलगा आता नवीन वाटेवर निघताना दोघांच्या बाटल्या स्वतः भरतो. माणशी चार लिटर, गाडीत वेगळं. पिशवी जड होते म्हणून कुरकुरत नाही. खाणीचं तोंड दिसलं की दहा पावलं लांब थांबतो आणि मलाही थांबवतो. मी अजून कधीकधी झोपेतून दचकून उठते, त्या भोकात त्याचा एक पाय दिसतो, आणि मग तुमची हाक ऐकू येते. मग झोप लागते.

काका, तुमचा डबा आमच्याकडे राहिला आहे. माझ्या मुलाच्या पिशवीत सापडला, तळाशी चार शेंगदाणे होते. झाकणावर एका बाईंचं नाव घातलंय आणि खाली लग्नाची तारीख, जुन्या पद्धतीने टिंबाटिंबांनी कोरलेली. काकूंचा असणार. ते नाव आणि ती तारीख मी इथे लिहीत नाही. जो सांगेल त्याच्या हाती डबा देईन, आणि तुम्ही इकडे असाल तर स्वतः घेऊन येईन. रिकामा डबा परत द्यायची आपल्यात पद्धत नाही. तुम्हाला आणि काकूंना काय आवडतं तेवढं फक्त कळवा.

तुमची,
त्या पोट्ट्याची आई